सातवी मुभा

परीक्षेसाठी पाठ केल्या होत्या आकाशातल्या मुभा.
पहिली, न उतरता वरून जाण्याची.
दुसरी, तेलापुरतं टेकण्याची.
मधल्या आता सलग आठवत नाहीत,
सातवी मात्र पक्की बसली आहे:
तिसऱ्याच देशाच्या विमानानं
दोन परक्या गावांमध्ये ये-जा करावी
आणि घर वाटेत लागूच नये.

सोनेगावला रात्रपाळी. मे महिना.
कूलरच्या वाळ्यापर्यंत पाणी पोचत नाही,
पंखा नुसता घरघरतो.
भिंतीवर एकवीस दहा, ग्रीनिचचे.
बाहेर नागपुरात दोन चाळीस.
आमच्या खोलीत
वेळसुद्धा परगावची वापरतात.

मी कागदाची पट्टी खाचेत सरकवली.
कंपनी आइसलँडची.
ढाक्याहून जेद्दा, हाजी भरून.
दीड महिना झाला, हेच विमान, हीच वाट,
पूर्वेकडून येताना भरलेलं,
पश्चिमेकडून परतताना रिकामं.
'परतताना' म्हणायचं, तेही ढाक्याला.

वैमानिक सावकाश बोलणारा,
'र' तोंडात थोडा जास्त घोळवणारा.
रोज आकडे देतो, आकडे घेतो.
आज मध्येच विचारलं त्यानं,
कुठल्याच पुस्तकात न बसणारं:
नागपूर, खाली किती आहे?

चौतीस, मी म्हटलं. रात्रीचे.

जरा वेळ नुसती खरखर.
मग म्हणाला, आमच्याकडे चार आहे म्हणे,
बायको सांगत होती.
'म्हणे' मी मराठीत घातलं,
पण त्याच्या इंग्रजीतही ते होतं.

माझ्या बाबांचा ट्रक नागालँड पासिंगचा.
मालक जालन्याचा, कांदा लासलगावचा,
उतरायचा कटकला.
नागालँड कुठल्या अंगाला आहे
हे बाबांनी मलाच विचारलं होतं, पाचवीत असताना.
मी भूगोलाच्या पुस्तकात बोट ठेवून दाखवलं.
बापरे, म्हणाले,
आपली गाडी इतक्या दूरची?

पारडीच्या जकात नाक्यावर
आई डबा घेऊन उभी राहायची, मी पाण्याची कॅन.
घर तिथून दीड किलोमीटर, भांडेवाडीत.
पावती फाटेपर्यंत बाबा आमचे.
इंजिन चालूच.
"घंटाभर घरी चला नं," आई म्हणायची,
"पोरगी नुस्ती डिझेलच्या वासानं ओळखते तुमाले."
"गाडी मायी नाही, कांदा माया नाही,
टैम तं बिलकुलच नाही,"
असं म्हणून धनलाल बोपचे हसायचे
आणि मागच्या खेपेचा रिकामा डबा खाली द्यायचे.
कधी तो रिकामा नसायचा.
आत एकच कांदा, मोठा, गुलाबी,
मालकाच्या मोजणीतून निसटलेला.
आई तो आठ दिवस चिरायची नाही.

पुढची हद्द मुंबईची.
मी फ्रिक्वेन्सी दिली,
त्यानं ती परत म्हणून दाखवली, नियमाप्रमाणे,
आणि शेवटी त्याच्या भाषेतलं काहीतरी,
'ब्लेस ब्लेस' असं ऐकू आलं.
अर्थ विचारायला तो उरला नव्हता.
पट्टी खाचेतून काढली.
खाली टोपलीत टाकायची असते.
टाकली.

सकाळी सुटले तेव्हा वर्धा रोड तापायला लागला होता.
चहाच्या टपरीपुढे चार ट्रक,
नंबरप्लेटा वाचायची माझी सवय जात नाही.
तिसरा, एनएल.
क्लीनर पोऱ्या टायरवर हातोडी मारून
कान देऊन ऐकत होता.
किती वेळ थांबणार, मी विचारलं.
चहापुरतं, तो हिंदीत म्हणाला,
मग डोळे चोळत:
दीदी, ये कौनसा गाव है?

मी गावाचं नाव सांगितलं.
तापमानही.